गुरुजींची जात

भंडारा जिल्ह्यातील शाळांचा इतिहास ज्या सरकारी अहवालांतून जुळवावा लागतो, त्यांत विद्यार्थ्यांची जात मोठ्या आस्थेने नोंदलेली आहे. ब्राह्मण किती, इतर हिंदू किती, मुसलमान किती, गोंडादी जमातींची मुले किती, असे रकाने मध्यप्रांताचे शाळाखाते वर्षानुवर्षे भरीत आले, आणि त्या आकड्यांवरून शिक्षणाचा प्रसार कोणत्या थरापर्यंत पोहोचला याची चर्चा वरिष्ठांपासून कनिष्ठांपर्यंत सर्व अंमलदारांनी केली. शिकविणाऱ्याच्या जातीविषयी मात्र तीच दफ्तरे बहुधा मौन धरतात. गुरुजींचा दरमहा किती, ते नॉर्मल, म्हणजे शिक्षकाची प्रशिक्षण-परीक्षा, पास आहेत की नाहीत, त्यांच्या शाळेची हजेरी किती, हे विचारले जाई. ते कोणाच्या घरचे, ही चौकशी खात्याला अवश्य वाटली नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्या काळी जिल्ह्यात मिळणे कठीण होते. शिकणारा कोण हा धोरणाचा प्रश्न आणि शिकविणारा कोण हा निव्वळ नोकरीचा प्रश्न, अशी जी वाटणी तेव्हा झाली ती पुढे शंभर वर्षे टिकली, आणि या जिल्ह्यातील शिक्षणाचे पुष्कळसे वैगुण्य त्या वाटणीतून उत्पन्न झाले, असे माझे मत आहे.

मुलूख वैनगंगेचा. भंडारा, तिरोडा आणि साकोली या तीन तहसिलींचा हा जुना जिल्हा आजच्या गोंदिया जिल्ह्याला पोटात घेऊन होता, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया विभक्त होईपर्यंत तो तसाच राहिला. भाताची शेती आणि तलाव ही त्याची संपत्ती, ते तलाव बांधण्याची विद्या कोहळ्यांची, तिरोडा-गोंदियाकडील शेती मुख्यत्वे पोवारांची, इतरत्र कुणबी, तेली, लोधी, कलार, नदी-तळ्यांवर ढिवर, मोहाडी-पवनीकडे रेशीमकाठी वस्त्रे विणणारे कोष्टी, गावोगाव महारांची वस्ती, जिचे हात शेतमजुरीबरोबर जाडेभरडे कापडही विणीत, आणि रानाच्या अंगाला गोंड, हलबा, गोवारी. या सर्व लोकसंख्येत ब्राह्मणांची घरे अगदी थोडी, आणि तीही बहुतेक कसब्याच्या गावी एकवटलेली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पायी आलेले नीळभट्ट भांडारेकार याच भंडाऱ्याचे, आणि स्त्रीशूद्रांना ज्ञानाचा अधिकार देणाऱ्या महानुभाव पंथाचे पाऊल या भूमीवर इतक्या लवकर पडले होते, ही गोष्ट जिल्ह्याचे अभिमानी लोक आवर्जून सांगतात. सांगावी, त्यात वावगे काही नाही, परंतु त्या पावलाची खूण सहाशे वर्षांनंतरच्या शाळेत शोधू गेल्यास ती आढळत नाही.

भोसल्यांच्या अमदानीत शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. मोडी वाचणे, हिशेब, पाढे एवढ्यापुरता तिचा व्याप असे, आणि ज्या घरांना दफ्तरदारी किंवा दुकानदारी करावयाची असे त्यांच्याच मुलांना तिचा उपयोग होता. १८१८ नंतर तिसऱ्या रघूजींच्या अज्ञानकाळात रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने नागपूर राज्याचा कारभार पाहिला तेव्हाही या व्यवस्थेला हात लागला नाही. १८५३ च्या अखेरीस रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि पुढच्याच वर्षी, रिचर्ड टेंपल चीफ कमिशनरच्या गादीवर येत असता, प्रांताचे शाळाखाते उभे राहिले. १८५४ चा वुडचा खलिता तोपर्यंत आठ वर्षांचा जुना झालेला होता; बहुजनसमाजाला त्याच्या भाषेतून शिक्षण देणे हे सरकारचे कर्तव्य होय, हे तत्त्व त्यात स्पष्ट मांडले होते, आणि नव्या प्रांताला जुन्या सवयी मोडण्याचा त्रास न पडता हे तत्त्व आरंभापासून अमलात आणता येण्याजोगे होते.

परंतु शाळा उघडावयाची म्हणजे शिक्षक पाहिजे, आणि शिक्षक तर आधीच शिकलेल्यांतून येणार. नागपूरच्या नॉर्मल स्कुलात उमेदवार म्हणून पाठविण्याजोगे लिहिते-वाचते तरुण ज्या कुळांत होते, ती कुळे पंतोजीच्याच परंपरेतील. त्यात कोणाचे कारस्थान होते असे म्हणण्याची गरज नाही; उतारावरचे पाणी जसे आपोआप खालच्या बांधीत जाते तशी ती नेमणूक आपोआप ठरलेल्या घरी जाई. शाळेचा खर्च मात्र त्या घरांतून येत नव्हता. जमाबंदी ठरताना जमीनमहसुलावर जी शाळापट्टी बसविण्यात आली ती गावचा महसूल भरणाऱ्या मालगुजारामार्फत वसूल होई, म्हणजे अखेरीस ती कोहळ्याच्या, पोवाराच्या, कुणब्याच्या आणि त्यांच्या बांधांत राबणाऱ्या महार-गोंडाच्या श्रमांतून निघे. कर देणारा एक आणि त्या करावर नेमला जाणारा दुसरा, ही विसंगती कोणाच्या ध्यानात येऊ नये असे नाही. पण ती प्रथम उच्चारली गेली भंडाऱ्यापासून पुष्कळ दूर, पुण्यात.

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वत्र उद्धृत होते. त्याच निवेदनातील शिक्षकांविषयीचा भाग तितका वाचला जात नाही. शेतकऱ्यांकडून पट्टी घेऊन ती वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्चावी, हा अन्याय दाखवून जोतीरावांनी असे मागितले होते की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते नांगर धरणारे किंवा सुताराचे हत्यार चालविणारे असले तरी चालेल, किंबहुना तसेच असावेत. कारण असा माणूस गावकऱ्यांत मिसळेल, त्यांची गरज जाणेल, आणि सोवळ्याओवळ्यामुळे दूर राहणाऱ्या ब्राह्मण पंतोजीला जे साधत नाही ते त्याला साधेल. शिकविणारा कोणत्या घरचा हा प्रश्न येथे पगार-बढतीच्या सदरातून उचलून शिक्षणाच्या गाभ्यात ठेवलेला आहे. ज्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला, त्यांच्या दृष्टीला हे दिसावे यात नवल नाही. आयोगाने मात्र विद्यार्थ्याच्या बाजूचाच विचार केला: सरकारी शाळेत जातीच्या कारणावरून कोणाही मुलाला प्रवेश नाकारू नये, आणि जेथे हलक्या जातींची मुले पुरेशी असतील तेथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढण्यास उत्तेजन द्यावे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला दारातून परत पाठविले होते. त्या प्रकरणाचे उत्तर आयोगाने सव्वीस वर्षांनी असे दिले.

या शिफारशीचा खेड्यातला अर्थ समजून घेतला पाहिजे. प्रवेश नाकारावयाचा नाही हा हुकूम, आणि प्रवेश द्यावयाचा नाही हा गावचा शिरस्ता. या दोहोंमध्ये सापडलेल्या शिक्षकाने जी वाट काढली ती शाळेच्या छपरीत. मुलाचे नाव हजेरीपटावर, मूल मात्र उंबरठ्याच्या बाहेर. पाटी दुरून दाखवावयाची, तपासणीचा अंमलदार आला तर तेवढ्यापुरते आत बोलवावयाचे की तेही नाही, हे त्या-त्या शिक्षकाच्या धैर्यावर अवलंबून. दलित लेखकांच्या आत्मकथनांतून महाराष्ट्रभरच्या शाळांचे असे वर्णन आता इतके परिचित झाले आहे की, त्याची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, हा हुकूम अमलात आणण्याचे सर्व ओझे सरकारने ज्या माणसावर टाकले, तो स्वतः त्या शिरस्त्याचा लाभार्थी होता, त्याच गावात बिऱ्हाड करून राहत होता, आणि मालगुजाराच्या कृपेवाचून त्याच्या शाळेचे छप्परही शाकारले जात नव्हते. मालगुजाराचा रोष पत्करून महाराच्या मुलाला जाजमावर बसविणारे शिक्षक निघाले नाहीत असे नाही; पण धोरण अशा अपवादात्मक सज्जनांच्या भरवशावर चालत नसते.

मग महार, कोष्टी, गोंड यांच्यातून शिक्षक निर्माण झाले ते कोठून? शाळाखात्याच्या मोठ्या दरवाजातून नव्हेच, आडदारांनी. पहिले आडदार फौजेचे. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या पलटणींत शिपायांना व त्यांच्या मुलाबाळांना शिकविण्याची सक्तीची व्यवस्था होती, त्यासाठी शिक्षक तयार करणारी लष्करी नॉर्मल स्कुले होती, आणि डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. महार माणूस वर्गात खुर्चीवर बसून शिकवितो आणि कोणाला काही भ्रष्टल्यासारखे वाटत नाही, हे दृश्य मुलकी हिंदुस्थानात अशक्य असताना छावणीत रोजचे होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची फौजभरती बंद झाली आणि हे दार लागले.

दुसरे दार मिशनचे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर-कामठीकडे आला, पुढच्या वर्षी त्याची शाळा सुरू झाली, आणि स्कॉटिश मिशनने पुढे भंडाऱ्यासही आपले ठाणे केले. मिशनची शाळा जात विचारीत नव्हती, तरी तिच्या आजूबाजूचा समाज विचारीत होता. आणि या दोहोंच्या संघर्षात काय घडे ते जाईबाई चौधरींच्या चरित्रावरून कळते. भंडाऱ्याच्या शेजारच्या उमरेड येथे १८९२ साली जन्मलेली, लहानपणीच लग्न झालेली ही महार समाजातील स्त्री नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावरून ओझी वाहून पोट भरीत असे. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंची तिच्यावर नजर पडली. त्यांनी तिला लिहावयास-वाचावयास शिकविले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची जागा दिली. अल्प वेतनाची का होईना, ती नेमणूक होती. पण आपल्या मुलांना अस्पृश्य बाई शिकविते हे कळताच सवर्ण पालक खवळले, मुले काढून घेण्याची भाषा सुरू झाली, आणि जाईबाईंना ती जागा सोडावी लागली. ज्या मुलांच्या हिताचा हा वाद होता त्यांना बाई चांगले शिकविते की वाईट, हा प्रश्न कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. जाईबाई पुन्हा ओझी वाहावयास गेल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपूरच्या नव्या वस्तीत संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली आणि ती चालविली.

हे तिसरे दार, स्वतः उघडलेले. मोहप्याचे किसन फागूजी बनसोड यांनी नागपुरात छापखाना आणि वृत्तपत्राच्या खटपटीबरोबर मुलींच्या शिक्षणाचीही खटपट केली. कामठीचे बाबू हरदास यांनी रात्रशाळा चालविली. आणि आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातील गोंदियाचे काळीचरण नंदागवळी हे याच फळीतले सधन व वजनदार पुढारी, मध्यप्रांताच्या कायदे कौन्सिलात बसलेले. १९२० च्या मे महिन्यात नागपुरास छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तोपर्यंत या प्रदेशात अशा शाळांतून शिकलेल्या आणि शिकविणाऱ्या माणसांची एक पिढी, संख्येने अल्प का होईना, तयार झालेली होती. पुढे डॉ. आंबेडकरांच्या चळवळीला नागपूर-भंडारा पट्ट्यात जे तत्पर कार्यकर्ते मिळाले, त्यांची भूमी या बिनसरकारी गुरुजींनी नांगरून ठेवली होती.

येथे एका विचित्र कोड्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. वेगळी शाळा हा अपमान होता, यात शंका नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर राज्यातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुले एकत्र बसविण्याचा हुकूम दिला आणि मुंबई सरकारने १९२३ मध्ये अस्पृश्यांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान बंद करण्याचा ठराव केला, ते न्याय्यच झाले. पण अस्पृश्य शिक्षकाला जी थोडी जागा मिळत होती ती वेगळ्या शाळेतच; एकत्र शाळेत त्याच्यापुढे कुणब्या-पोवाराची मुले बसावयाची म्हटले की जाईबाईंची गोष्ट पुन्हा घडणार. अमेरिकेत हेच कोडे फार मोठ्या प्रमाणावर पडले. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविले. काळी मुले गोऱ्यांच्या शाळांत गेली, काळ्यांच्या शाळा बंद पडल्या, आणि दक्षिणेकडील व सीमेवरील १७ राज्यांत पुढील अकरा वर्षांत सुमारे ३८,००० काळ्या शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आहे. न्यायालयाने विद्यार्थ्यांविषयी निर्णय दिला होता. शिक्षकांविषयी ते काही बोलले नव्हते. आमच्या हंटर आयोगाच्या मौनाशी या मौनाचे साम्य मला फार बोधप्रद वाटते.

भंडाऱ्यात गुरुजींची जात बदलू लागली ती, माझ्या समजुतीप्रमाणे, १९२० नंतर. त्या वर्षी मध्यप्रांतात प्राथमिक शिक्षणाचा आणि स्थानिक स्वराज्याचा असे दोन कायदे झाले. शाळा आणि त्यांतील नेमणुका जिल्हा कौन्सिलच्या हाती अधिक मोकळेपणाने आल्या, आणि जिल्हा कौन्सिलात तर मालगुजार बसत. मालगुजार म्हणजे या जिल्ह्यात कोहळी, पोवार, कुणबी, लोधी, तसेच काही ब्राह्मण व मुसलमान. आपल्या पोराने सातवी केली, त्याला जवळच्या शाळेवर लावून द्यावे, ही इच्छा त्यांना स्वाभाविक होती. सार्वजनिक नीतीच्या दृष्टीने ही वशिलेबाजीच होय. आणि तरीही जोतीरावांनी जे तत्त्वाने मागितले होते ते येथे निम्मेशिम्मे वशिल्याने मिळाले. नव्या गुरुजीला शेत कळे, आणि मुख्य म्हणजे मुलांची झाडीबोली कळे. पुस्तकातील मराठी या प्रदेशाला परकीच होती. पोवारी बोलणाऱ्या घरचे किंवा गोंडी बोलणाऱ्या टोल्यावरचे मूल पहिल्या दिवशी शाळेत ऐके ती जवळजवळ अन्य प्रांताची भाषा, आणि त्याने आपल्या बोलीत दिलेले बरोबर उत्तर अशुद्ध म्हणून चुकीचे ठरे. गावचाच शिक्षक आल्यावर ही अडचण पोवाराच्या मुलापुरती पुष्कळ कमी झाली. गोंडाच्या मुलाची तशीच राहिली, कारण त्याच्या घरचा कोणी कौन्सिलात नव्हता.

१९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि पंडित रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना पुढे आली. गावकऱ्यांनी जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, शिक्षकाला दरमहा १५ रुपये मिळावेत आणि त्याने गावातच रुजावे, अशी ती कल्पना. तिच्याच सुमारास वर्ध्यास मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली गेली होती. योजनेच्या नावातील 'मंदिर' या शब्दावर मुसलमानांनी प्रखर आक्षेप घेतला, नागपुरात चळवळ झाली, आणि बराच काळ सर्व वाद नावाभोवतीच फिरत राहिला. भंडाऱ्यापुरती मात्र या दोन्ही योजनांत एक वेगळीच मौज होती. सूतकताई आणि विणकाम शिकविण्याकरिता सुशिक्षित घरांतील शिक्षकांना टकळी धरावयास शिकवावयाचे, आणि त्यांनी ती विद्या मोहाडीच्या कोष्ट्याच्या आणि पवनीच्या महाराच्या पोरांना द्यावयाची! ज्यांच्या घरात माग पिढ्यान्पिढ्या चालला आणि गिरणीच्या कापडाने बसला, त्यांतील एखाद्या विणकराला शिक्षक म्हणून बोलवावे, हे कोणा नियोजकाच्या मनात आले असेल तर त्याची खूण योजनेत उरलेली नाही. नांगर धरणारा शिक्षक मागणाऱ्या फुल्यांना पंचावन्न वर्षांनी मिळाले ते नांगर धरावयास शिकविलेले शिक्षक.

स्वातंत्र्यानंतर घटना वेगाने घडल्या. १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, व तिच्याबरोबर शाळेच्या छपरावरील मालगुजाराचा हक्कही. १९५४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत शाळांचा तो निकाल लागला त्याच सुमारास, भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. जिल्ह्याच्या इतिहासात हा पराभव एक सल म्हणून राहिला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर भंडाऱ्यातील महार समाज प्रचंड संख्येने बौद्ध झाला, आणि तत्क्षणी एक अनपेक्षित आपत्ती ओढवली: अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू व शीख यांच्यापुरत्याच असल्याने, बौद्ध म्हणून नाव नोंदविणाऱ्याची राखीव जागा गेली. धर्म की नोकरी असा हा पेच होता, आणि दाखल्यावर काय लिहावे याचा निर्णय घरोघरी, बहुधा शाळेत नाव घालतानाच, करावा लागे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये सरकारने राज्याच्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने ते करावयास १९९० साल उजाडले. हा तीस वर्षांचा फरक शिक्षकाच्या पेशाच्या दृष्टीने विलक्षण महत्त्वाचा ठरला. रेल्वे, टपाल, केंद्राच्या कचेऱ्या या वाटा बौद्ध तरुणाला अडलेल्या होत्या, परंतु प्राथमिक शिक्षक हा राज्याच्या कायद्याखालील जिल्हा परिषदेचा नोकर होता. आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा शाळांची संख्या भराभर वाढत होती. सातवी किंवा मॅट्रिक व्हावे, अध्यापन विद्यालयाची पदविका घ्यावी, आणि लाखांदूर, मोहाडी, साकोलीकडील एखाद्या खेड्यावर रुजू व्हावे, ही बौद्ध वस्तीतील हुशार मुलाची राजरोस वाट झाली. त्या पहिल्या पिढीच्या गुरुजींना शाळेत खुर्ची मिळाली, तरी गावात खोली मिळेलच असे नव्हते. कित्येकांनी सायकलवर रोज कित्येक मैल जाणेयेणे पत्करले, ते केवळ घरभाडे वाचविण्यासाठी नव्हे. परंतु मूल ज्याला हात जोडून 'गुरुजी' म्हणते त्याला बापाने एकेरी हाक मारणे हळूहळू अवघड होऊ लागले. नवी पाटी, नवा शर्ट, वाचनालय, आंबेडकर जयंतीचा हिशेब, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलीचे नाव शाळेत घालण्याचा तगादा, या साऱ्यांच्या मागे वस्तीतील एखादे गुरुजी असत; आणि बौद्ध समाजाने साक्षरतेत जी मोठी झेप घेतली तिचे श्रेय देताना पुढाऱ्यांच्या नावांमागे हे बिननावाचे लोक झाकून जातात.

खाजगी शाळांची कथा निराळी. गोंदियाचे मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापून जिल्हाभर हायस्कुले व पुढे महाविद्यालये काढली, आणि जेथे पूर्वी भंडाऱ्याच्या मन्रो हायस्कुलापर्यंत पायपीट करावी लागे तेथील मुलांना गावाजवळ मॅट्रिक होता आले, हे उपकार जिल्हा विसरणार नाही. अन्य पुष्कळ संस्थाही उभ्या राहिल्या. पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थाचालकाची, या व्यवस्थेत शिक्षकवर्गाचे रूप संस्थाचालकांच्या गणगोतावर ठरू लागले. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आला आणि १९८१ च्या नियमावलीने तेथेही अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त-भटक्यांना ४ आणि इतर मागासवर्गांना १० असे शेकडा ३४ चे प्रमाण घातले, तेव्हा राखीव पदांचा क्रम ठरविणारी बिंदुनामावली आणि न भरलेल्या जागांचा अनुशेष हे शब्द शिक्षकांच्या खोलीत नित्याचे झाले. नियम झाला तरी पद भरताना 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा मारण्याची सोय होती, आणि तिचा उपयोग करणारे कोठे थोडे होते?

गोंडांचे आणि हलब्यांचे काय झाले, हा प्रश्न उरतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे भंडारा जिल्ह्याच्या १२,००,३३४ लोकसंख्येत अनुसूचित जाती शेकडा सुमारे १६.७ आणि अनुसूचित जमाती शेकडा सुमारे ७.४ आहेत. पहिल्या वर्गाला गावोगाव स्वतःचे गुरुजी मिळाले. दुसऱ्याला कागदावर राखीव जागा मिळाल्या, परंतु त्या जागांपर्यंत पोहोचण्याइतकी शिकलेली मुले टोल्यांवर नव्हती, कारण त्यांना शिकविणारा त्यांची भाषा जाणत नव्हता. आणि तो जाणणारा निर्माण व्हावयाचा तर ती मुले आधी शिकावयास हवी होती. हे चक्र तोडण्यासाठी आंध्र प्रदेशाने अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत सर्वच शिक्षक जमातींतून नेमण्याचा मार्ग काढला. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते शंभर टक्के आरक्षण रद्द केले. भंडारा अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्याने येथे तो प्रयोगही झाला नव्हता.

येथे झाले ते वेगळेच. कोष्टी समाजाचा एक मोठा भाग आपण मूळचे हलबा असून विणकाम हा केवळ धंदा होय असे मानीत आला, आणि 'हलबा' या जमातीच्या दाखल्यावर त्यातील अनेकजण नोकरीस लागले. विदर्भातील शाळांतही असे शिक्षक होते, वर्षानुवर्षे चांगले शिकविणारे. २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत असा निर्णय दिला, तरी तोवरच्या कायम झालेल्या नेमणुकांना संरक्षण ठेविले. ६ जुलै २०१७ च्या दुसऱ्या निकालाने अशा संरक्षणाचा आधारच काढून घेतला. अखेर २१ डिसेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने, ज्यांचे जमातीचे दावे अवैध ठरले त्या कर्मचाऱ्यांना अकरा महिन्यांच्या मुदतीवर अधिसंख्य पदांवर ठेवून, त्यांनी रिक्त केलेल्या मूळ जागा खऱ्या अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भराव्यात असे ठरले. ज्यांच्या आजोबांच्या मागावरचे काम गेले आणि नातवांनी खडू हाती घेतला, त्या कोष्टी शिक्षकांचे नाव हजेरीपुस्तकात राहिले, बिंदुनामावलीतून निघाले. सुटलेल्या त्या जागांवर गोंड आणि हलबा शिक्षक किती आले, हे आता शाळेशाळेच्या नामावल्या उघडून मोजावे लागेल.